बिहीचं झाड आणि एरिसे

बुधवार, रात्री उशिरा

स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्टर एरिसेचा 'एल सोल देल मेंब्रियो' (१९९२) हा चित्रपट पुन्हा पाहिला. चित्रकार आन्तोनियो लोपेस माद्रिदमधल्या आपल्या अंगणात बिहीचं झाड रंगवायला घेतो. (काढ्यातला बिहीदाणा याच फळाचा.) ओळंबा सोडतो, दोऱ्या ताणतो, रोज पाय त्याच जागी पडावेत म्हणून जमिनीत खिळे ठोकतो, पानाफळांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करतो. पण फळं पिकतात, जड होतात, दर दिवशी जराशी खाली येतात आणि खुणा चुकत जातात. त्यात पाऊस. तैलरंग बाजूला ठेवून तो पेन्सिल घेतो. तेही चित्र पुरं होत नाही.

दोन तासांहून जास्त वेळ मी एका न झालेल्या चित्राकडे बघत होते आणि एकदाही कंटाळले नाही.

एरिसेचं स्वतःचंही असंच. १९४० चा जन्म, बास्क मुलखातला. पूर्ण लांबीचे चित्रपट मोजून चार: १९७३, १९८३, १९९२, २०२३. यावरून त्याला विरक्त साधू ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. माणसाला करायचं होतं! १९८३ चा 'एल सुर' (म्हणजे 'दक्षिण') निम्मा झाला आणि निर्माता एलियास केरेखेताने चित्रीकरण थांबवलं. ज्या दक्षिणेचं नाव चित्रपटाला आहे, ती पडद्यावर आलीच नाही. तो निम्मा चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेला, नावाजला गेला. अर्धा राहिला म्हणूनच तो सुंदर झाला, असंही काहीजण म्हणतात. सुंदर आहे, कबूल. पण त्याचं श्रेय चित्रीकरण थांबवणाऱ्याला कशाला? पुढे हुआन मार्सेच्या 'एल एम्ब्रुखो दे शांघाय' या कादंबरीची पटकथा त्याने वर्षानुवर्षं घासली. चित्रपट अखेर फेर्नांदो त्रुएबाने केला, २००२ मध्ये, स्वतःच्या पटकथेवर.

मग २०२३ चा 'सेर्रार लोस ओखोस'. नट अचानक नाहीसा झाल्याने ज्याचा चित्रपट अर्धवट राहिला, अशा दिग्दर्शकाची गोष्ट. हे कुठून आलं ते विचारायला नको. पहिल्या चित्रपटातली चिमुरडी आना तोरेंत इथे पन्नाशी ओलांडून पुन्हा येते, त्या नटाची मुलगी म्हणून. तिच्यासाठी तरी तो बघावाच. लांबी १६९ मिनिटं, मधे चांगलाच रेंगाळतो. पण ३१ वर्षं थांबलेल्या माणसाला 'जरा आटपा' म्हणायचं धाडस माझ्यात नाही.