३३ टक्क्यांवर अडलेलं फॉरमॅट

गणपतीला गावी गेलो की वाचनालयात एक चक्कर असतेच. गुहागर तालुक्यातलं आमचं गाव, ‘ड’ वर्गाचं लहानसं वाचनालय, आणि कपाटाशेजारच्या टेबलावर २००८ साली देणगीत मिळालेला संगणक. पेंटियम ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. नंतर कुणीतरी त्यावर विंडोज ७ टाकून दिलं होतं. त्या विंडोजचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच बंद झाले, आणि यंदा तर मशीन चालता चालता गोठायला लागलं होतं.

ग्रंथपाल काकू म्हणाल्या, “बघ रे तुला काही जमतंय का. नाहीतर कार्यकारिणी भंगारात काढायला निघालीय.” या मशीनमध्ये चार हजारांहून अधिक पुस्तकांची यादी आहे. काकूंनी ती दाखल नोंदवहीवरून कित्येक दुपारी बसून एकेक करत टाइप केलीय. ती नीट राहावी आणि मशीन आणखी काही वर्षं चालावं, एवढंच मनात होतं. विंडोजऐवजी डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकायचं ठरवलं.

आधी यादी पेनड्राइव्हवर घेतली. कॉपी होताना मध्येच सगळं थांबायचं आणि मिनिटभराने आपोआप पुढे सरकायचं. मशीन जुनं आहे म्हणून असेल, असं मी धरून चाललो. खरी खूण तिथेच दिसली होती.

इन्स्टॉलर सुरू केला. भाषा, वेळ, पासवर्ड सगळं सुरळीत. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, ठरवून दिले, फॉरमॅट सुरू झालं आणि पट्टी ३३ टक्क्यांवर जाऊन उभी राहिली. चाळीस मिनिटं वाट पाहिली. बंद करून पुन्हा केलं, पुन्हा ३३. ईएक्सटी४ या फाइल मांडणीऐवजी जुनी ईएक्सटी३ घेतली, तरी तेच. चिपळूणच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला डिस्क गेली, एसएसडी घ्या. माझंही मन तेच सांगत होतं.

पण चौथ्या वेळी पट्टीकडे बघत न बसता ऑल्ट आणि एफ४ दाबलं. डेबियनच्या टेक्स्ट इन्स्टॉलरमध्ये असं केलं की आतला लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, दिसतो, ऑल्ट आणि एफ१ ने परत येता येतं. हे ज्याला माहीत नाही त्याचे दोन दिवस सहज वाया जातात, म्हणून मुद्दाम लिहितोय. तिथे त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येत होत्या: ‘राइट डीएमए’ (डिस्कवर लिहिणं) फसलं, मग ‘सॉफ्ट रिसेटिंग लिंक’ (जोडणी पुन्हा सुरू करणं), मग माहिती पाठवायचा वेग यूडीएमए १३३ वरून १०० वर आणला. प्रत्येक चुकीच्या ओळीत एक शब्द होता, ‘आयसीआरसी’.

त्या शब्दातल्या ‘सीआरसी’पाशी मी थांबलो. मदरबोर्डकडून डिस्ककडे जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत सीआरसी नावाची पडताळणीची संख्या जाते. पलीकडे पोचल्यावर हिशोब जुळला नाही तर तुकडा नाकारला जातो आणि पुन्हा पाठवावा लागतो. म्हणजे तक्रार डिस्कच्या तबकडीची नव्हतीच. माहिती वाटेतच बिघडत होती. आणि फॉरमॅट करताना सुपरब्लॉकच्या (फाइल मांडणीच्या मूळ माहितीच्या) प्रती, जर्नल (बदलांची नोंद) असं बरंच काही डिस्कवर ठिकठिकाणी एका दमात लिहिलं जातं, त्यामुळे तोवर कसंबसं निभावून नेणारी वाट तिथे उघडी पडते.

खात्री करायला लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर काही न टाकता थेट चालणाऱ्या प्रणालीवरून, मशीन चालू केलं, फोनचं नेट यूएसबीने जोडलं आणि स्मार्टमॉनटूल्स हे डिस्क तपासायचं साधन टाकून डिस्कचा स्वतःचा अहवाल काढला. त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या. क्रमांक ५, म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे): शून्य. क्रमांक १९७, म्हणजे संशयित सेक्टर: शून्य. क्रमांक १९९, म्हणजे सीआरसीच्या चुका: ३९७. तिथूनच एकदा फॉरमॅट करून पाहिलं, ते अडकलं, आणि पुन्हा अहवाल काढला तर १९९ समोर ४१२. बाकीचे दोन शून्यावरच. मला फार बरं वाटलं, कारण ज्या डिस्कला आम्ही सगळे फेकायला निघालो होतो ती धडधाकट होती.

प्लग काढला, पॉवरचं बटण दाबून उरलासुरला करंट जाऊ दिला आणि कॅबिनेट उघडलं. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या लाल साटा केबलचं डिस्ककडचं टोक बाहेर काढलं तर सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर. समुद्राजवळच्या हवेत घरातल्या बिजागऱ्यासुद्धा टिकत नाहीत, ही तर केबल. चिपळूणहून नवीन केबल आणली, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही. सेल संपल्यामुळे घड्याळ दर वेळी जुन्या तारखेला जायचं, आणि तारीख मागे राहिली तर डेबियन पॅकेजांची (प्रोग्रामच्या गठ्ठ्यांची) यादी ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारतं.

नव्या केबलवर फॉरमॅट काही क्षणांत पार पडलं. काकूंनी लगेच चहा ठेवला. पण चहा होईपर्यंत मूळ प्रणाली उतरवताना एक पॅकेज उघडता उघडता इन्स्टॉलर पडला. पुन्हा केलं तर वेगळंच पॅकेज. तिसऱ्यांदा तर फॉरमॅटच कोसळलं, आणि या वेळी लॉगमध्ये आयसीआरसी नव्हतं, ‘सेगफॉल्ट’ होता, म्हणजे मेमरी वापरताना प्रोग्राम कोसळला होता.

चूक दर वेळी त्याच जागी आली तर डिस्क किंवा पेनड्राइव्ह तपासावा. दर वेळी जागा बदलत असेल तर आधी रॅमवर संशय घ्यावा, असं माझं मत आहे. मेमटेस्ट८६प्लस हे रॅम तपासायचं साधन पेनड्राइव्हवर टाकून चालवलं आणि दहा मिनिटांच्या आत चुकांच्या लाल ओळी आल्या. १ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढल्या, कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या आणि एकेक लावून पाहिली. एक रात्रभर चालली तरी एकही चूक नाही. दुसरी कुठल्याही स्लॉटमध्ये लावली तरी लाल. तीच विंडोजला गोठवत असणार. तिच्या जागी त्याच दुकानातून जुनी डीडीआर२ ची पट्टी मिळाली, तीनशे रुपयांत. तीही रात्रभर तपासूनच बसवली.

गौरीविसर्जनाच्या दिवशी डेबियन चढलं, कुठेही न अडखळता. डिस्कची लांब स्वचाचणीही चालवली, निर्दोष निघाली. ग्रंथयादी लिब्रेऑफिसमध्ये उघडली तेव्हा काकूंनी आधी शेवटची नोंद गाठली आणि दाखल नोंदवहीतला क्रमांक जुळतोय ना ते बोट ठेवून पाहिलं.

१९९ क्रमांकाचा आकडा कधी कमी होत नाही, तो वाढतोय का एवढंच बघायचं असतं. म्हणून निघताना कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आणि त्यावर तारीख आणि ४१२ लिहिलं. शिमग्याला गावी गेलो तेव्हा पालखी यायच्या आधी वाचनालयात जाऊन अहवाल काढला. ४१२ च होता.