अजिंठ्याचा गिलावा

फर्दापूरहून लिहितेय, रेंज येतेय-जातेय. आमच्या एमएफएच्या (चित्रकलेतल्या पदव्युत्तर) वर्गाची अभ्याससहल: सकाळी लेणी, दुपारी हात चिखलात.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं ते प्रसिद्ध चित्र, स्लाइडवर इतक्यांदा पाहिलाय की आता काय नवीन दिसणार, असं वाटलेलं. मी खिळले ती रंग उडालेल्या जागांपाशी. आतला गिलावा उघडा पडलाय. माती, भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू आणि वरून चुन्याचा पातळ हात. ओल्या चुन्यावर रंगवायचं फ्रेस्को हे नव्हेच, कोरड्या थरावर चिकट माध्यमात कालवलेले रंग आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा लाजवर्द या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला!

दुपारी सरांनी तसंच मिश्रण आम्हाला मळायला लावलं. तूस कमी पडला की वाळताना तडे, जास्त झाला की भुसभुशीत. (परीक्षेत याच थरांवर टीप लिहून मार्क मिळवलेत, हसू नका.) नखांतली माती अजून निघालेली नाही.

मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन इथे चित्रांच्या प्रतिकृती करायला यायचे. त्यातल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. तरी हेवा वाटतो त्या पोरांचा. एकेका भिंतीसमोर किती वेळ बसायला मिळालं असेल! आम्हाला पुढच्या रांगेची घाई.

आमचे नमुने अंगणात वाळताहेत. रंग लावायचेत. संभाजीनगरात खडा गेरू कुठे मिळेल, कुणी सांगाल का? पावडर नकोय.