विदर्भातल्या उन्हात टर्बो गाडीचं ट्यूनिंग: सायलेन्सर सगळ्यात शेवटी

फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियाची १.५ टीएसआय, म्हणजे दीड लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी, आता तालुक्याच्या गावातही दिसते. गाडी दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला: सायलेन्सर कोणता लावू? उत्तराची सुरुवात मात्र पेट्रोलपंपापासून करावी लागते. ही गाडी मे महिन्याच्या उन्हात आणि गावच्या पंपावरच्या पेट्रोलवर चालणार आहे. पाइप कितीही भारी घातला तरी या दोन गोष्टी बदलत नाहीत.

बाहेरून येणारी तयार स्टेज १ फाइल, म्हणजे फक्त सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारी पहिली पायरी, पुष्कळदा ९८ ऑक्टेनच्या युरोपियन पेट्रोलवर बेतलेली असते. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल अवेळी पेटायला कमी धजतं. आपल्याकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि त्याचं मानक ९५ ऑक्टेनचं आहे. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांपुरतं. म्हणून ट्यूनरला सरळ सांगायचं, मॅप (पेट्रोल, ठिणगी आणि टर्बोचा दाब ठरवणारी सॉफ्टवेअरची मांडणी) ९५ ऑक्टेनच्या ई२०वर हवा आणि इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, त्याच्याही हद्दीच्या एक-दोन अंश मागे हवं. पाच-सात बीएचपी कमी मिळतील, चालेल. नॉकिंगनं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांनी, पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली धातूची कड) तुटली तर अख्खं इंजिन खोलावं लागतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरीच तपासता येतं. १०० मिलीच्या, रेघा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी घ्या, वर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल भरा, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. ९० मिली पेट्रोलमधलं १८ मिली इथेनॉल आणि १० मिली पाणी, म्हणजे खालचा थर २८ मिलीच्या आसपास यायला हवा. हे काम मोकळ्या हवेत, चूल-बिडीपासून दूर करा. पाणी न घालताच तळाशी वेगळा थर दिसला, तर त्या पंपाच्या टाकीत पाणी शिरलेलं आहे. पावसाळ्यात, कमी विक्रीच्या पंपावर हा धोका जास्त असतो. तिथे गाडी नेऊच नका.

आता ऊन. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवा साधारण ६ टक्के विरळ असते. ठरलेला बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) गाठायला टर्बो जास्त वेगानं फिरतो, आणि फिरला की हवा आणखी तापवतो. या इंजिनाचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग, पाण्यानं थंड होणारा आहे, त्यामुळे पुढे मोठा हवेचा इंटरकूलर बसवण्याचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. इथे लक्ष द्यायचं ते त्याच्या छोट्या रेडिएटरकडे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागून चालताना रेसे जाळीत अडकतात, सोयाबीनच्या मळणीत कुटाराची धूळ त्यावर बसते, आणि दोन्ही मिळून पत्र्यांमध्ये नमद्यासारखा थर होतो. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा पुढचा बंपर उतरवून रेडिएटर मागून पुढे, साध्या पाइपच्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्रे दबतात आणि हवेची वाट बंद होते. कूलरच्या सर्किटचा छोटा इलेक्ट्रिक पंप चालतो की नाही, हेही त्याच वेळी बघून घ्या.

डिसेंबरच्या गार सकाळी बसवलेला मॅप मे महिन्यात फसतो. लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद, दुपारी घ्यायचा, गाडी अर्धा तास चालवून गरम झाल्यावर. रस्त्यावर वेगाची हद्द मोडून नाही, डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून मोजणाऱ्या यंत्रावर). चार आकडे बघायचे: इनटेकचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड (नॉकिंग झाल्यावर ठिणगी किती अंश मागे घेतली), लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) आणि मागितलेला व मिळालेला बूस्ट. इनटेक ६०-६५ अंशांपुढे जात असेल तर आधी कूलिंग बघा, मॅपला हात लावू नका. रिटार्ड मधूनच दोन अंश आला तर चालतो. एकाच सिलिंडरला दर वेळी चार-पाच अंश येत असेल तर थांबा. त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. पूर्ण लोडवर लॅम्ब्डा ०.८२ ते ०.८८ च्या दरम्यान असला तर बरा. बूस्ट वाढवल्यावर उष्णता वाढते, म्हणून प्लग एक पायरी थंड घ्यावा, आणि ठिणगी विझू शकते, म्हणून त्याच्या टोकांमधली गॅप ०.६ ते ०.६५ मिमी ठेवावी. ऑइल आम्ही दर ७५०० किमीला बदलायला सांगतो, ट्यून झालेल्या गाडीला याहून जास्त ताणू नये.

डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्यांनी पुढचं नीट वाचावं. या गाडीतला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे डीक्यू२००, मुळात २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे आणि कंपनीचं इंजिन नेमका तेवढाच टॉर्क देतं. वर काही शिल्लकच नाही. स्टेज १ चा टॉर्क सहज ३०० पर्यंत जातो. तो खालच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला दिला तर क्लच घसरतो, आणि चाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात, बाजाराच्या गर्दीत रांगताना आधीच तापलेला असतो. डीएसजीसाठी टॉर्क २५० च्या जवळच अडवून फक्त ४५०० आरपीएमच्या वरची ताकद वाढवणारा मॅप मागा. सहा गिअरच्या मॅन्युअलला थोडी मोकळीक आहे.

एवढं झालं की मग एक्झॉस्ट. आधी एक गैरसमज काढू. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. ‘हेडर्स (मॅनिफोल्डऐवजी बसवायचे वेगळे पाइप) लावून देतो’ म्हणणाऱ्याला हे इंजिन माहीत नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅट, काढायचा नाही. तो काढला की मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे पी०४२० कोड (कॅट नीट काम करत नाही, हा दोष) येतो, आणि सॉफ्टवेअरमधून कोड बंद केला तरी धूर विषारीच राहतो. काम फक्त कॅटच्या मागे करायचं. टर्बो गाडीला त्यातून दोन-चार बीएचपी मिळतात, यापेक्षा जास्त सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आवाज मात्र बदलतो, आणि तो चांगला बदलायचा असेल तर बारकाईनं काम हवं.

पाइप सव्वादोन ते अडीच इंची पुरतो. तीन इंची घातला तर फक्त घुमतो. वळणं मँड्रेल बेंडची (आत आधार घालून, घेर न दबता वाकवलेली) घ्या, दाबून वाकवलेल्या पाइपचा घेर वळणावर कमी होतो. एसएस ३०४ स्टेनलेस स्टील टिकतं, पण वेल्डिंग टिगनं (आर्गन गॅसच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगनं), ३०८एलच्या रॉडनं आणि पाइपच्या आत आर्गन सोडून झालं पाहिजे. आत गॅस सोडला नाही तर सांध्याच्या आतल्या बाजूला साखरेसारखे दाणे येतात आणि तिथूनच तडा जातो. गाडीखाली फक्त टाके मारून जागा पक्की करा, पूर्ण वेल्डिंग पाइप उतरवून टेबलावर. टाके मारतानाही बॅटरीची तार काढलेली हवी.

अडीच मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला की साधारण १३ मिमी वाढतो. म्हणून रबर हँगर थोडे पुढे झुकलेले बसवायचे आणि ॲक्सलपाशी सगळीकडून २५ मिमी मोकळी जागा ठेवायची. पेट्रोल टाकीपाशी त्याहून जास्त, आणि हीट शील्ड जागेवरच. पाइपचा कुठलाही भाग मूळ पाइपपेक्षा खाली येऊ देऊ नका. पांदण रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर तोच आधी घासतो.

घुमण्याचं गणित सोपं आहे. चार सिलिंडर, २४०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ८० स्फोट. हा घूं-घूं मारायला एका टोकाला बंद असलेली बगलेची नळी लावतात. तिची लांबी आवाजाच्या वेगाला वारंवारतेच्या चौपटीनं भागून येते. गरम वायूत वेग सेकंदाला ४४० मीटर धरला तर सुमारे १.४ मीटर. अडचण पुढे आहे. हे इंजिन हळू चालताना दोन सिलिंडर बंद करतं. तेव्हा २००० आरपीएमला वारंवारता ३३ हर्ट्झवर येते आणि नळी तीन मीटरांच्या पुढे जाते. ती गाडीखाली मावत नाही. म्हणून मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज दाबणारा डबा) कंपनीचाच ठेवावा आणि फक्त मागचा मफलर बदलावा. शंभरावर शांत गाडी आणि ४००० च्या पुढे मोकळा आवाज, दोन्ही यातच मिळतं.

फटाके फोडणारा मॅप तर घेऊच नका. त्यात ॲक्सिलरेटर सोडल्यावर पेट्रोल मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळलं जातं आणि कॅटचा गाभा वितळतो. तापलेला कॅट तसाही धोक्याचा. वावराच्या धुऱ्यावर, वाळल्या गवतावर किंवा तुरीच्या कुटारावर गाडी उभी केली तर खालून पेट घेऊ शकतो. उन्हाळ्यात गाडी उघड्या मातीवरच लावा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नमुन्यापासून गाडी बदलता येत नाही. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि आवाज-धुराच्या मानकांसाठी कलम १९० वेगळं लागतं. फ्लॅश केलेला, म्हणजे नवी फाइल भरलेला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सर्व्हिस सेंटरच्या मशीनवर ओळखू येतो आणि वॉरंटी जाते. विमा कंपनीला बदल कळवले नाहीत तर दावा अडतो. हे सगळं माहीत असूनच हात घाला, आणि मूळ सायलेन्सर व मूळ फाइल दोन्ही जपून ठेवा.

बसवल्यावर पहिल्या ३०० किमीनंतर क्लॅम्प पुन्हा आवळा. मग सकाळी थंड इंजिन सुरू करून, जाड हातमोजा घालून टेलपाइपवर दोन-तीन सेकंद कापड दाबा आणि दुसऱ्याला सांध्यांवर साबणाचं पाणी मारायला सांगा. जिथे फेस फुगेल तो सांधा गळतोय. सेन्सरजवळचा सांधा गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन रीडिंग खोटं येतं, आणि तोवर घेतलेला प्रत्येक लॉग पुन्हा घ्यावा लागतो.