तीस हजार माणसांचे कायदेमंडळ

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. आणि विचारणारे तुम्ही एकटे नाही, स्वायत्त प्रदेशांविषयी मी कोठेही बोलले की श्रोत्यांतून कोणीतरी हा प्रश्न करतेच. बाल्टिक समुद्रातील ओलांड बेटांची लोकसंख्या जेमतेम तीस हजार. महाराष्ट्रात एवढ्या वस्तीच्या गावाला ‘क’ वर्ग नगरपरिषद मिळते. मग फिनलंडने तेथे तीस निवडून आलेल्या सदस्यांचे, स्वतःचे कायदे करणारे कायदेमंडळ कशासाठी ठेवले आहे? हजार माणसांमागे एक आमदार हे प्रमाण ऐकून कोणीही हिशेब करू लागेल, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते: कायदेमंडळ ही कारभाराची सोय आहे आणि कारभार लहान असेल तर सोयही लहानच असावी. ओलांडच्या कायदेमंडळाचा, म्हणजे लागतिंगचा, जन्म कसा झाला हे पाहिले की हे गृहीतक टिकत नाही.

ही बेटे स्वीडन आणि फिनलंड यांच्यामध्ये, बॉथनियाच्या आखाताच्या तोंडाशी पसरलेली आहेत. १८०९ पर्यंत ती फिनलंडसह स्वीडनच्या राज्यात होती आणि त्या वर्षी दोन्ही प्रदेश रशियाच्या झारकडे गेले. १९१७ मध्ये रशियन साम्राज्य कोसळू लागले तेव्हा स्वीडिश बोलणाऱ्या बेटवासीयांनी स्वीडनमध्ये परत जाण्याची मागणी केली आणि तिच्या पाठिंब्यासाठी रहिवाशांच्या सह्या गोळा केल्या. त्याच वर्षी डिसेंबरात फिनलंड स्वतंत्र झाला. स्वयंनिर्णयाच्या तत्त्वावर स्वतः उभा राहिलेला हा देश तेच तत्त्व बेटांना लावायला तयार नव्हता. त्याऐवजी त्याच्या संसदेने मे १९२० मध्ये ओलांडसाठी स्वायत्ततेचा कायदा संमत केला. बेटांवर हा कायदा कोणी मागितला नव्हता आणि तो स्वीकारायलाही कोणी तयार नव्हते. पुढच्याच महिन्यात चळवळीचे दोन पुढारी, युलियुस सुंडब्लूम आणि कार्ल ब्यर्कमन, यांना देशद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली.

प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रसंघापुढे (लीग ऑफ नेशन्सपुढे) गेले. जून १९२१ मध्ये त्याच्या परिषदेने निर्णय दिला की बेटांवरील सार्वभौमत्व फिनलंडचेच राहील; पण शाळांची भाषा, जमिनीची मालकी आणि मताधिकार यांबाबत बेटवासीयांना पक्की हमी द्यावी लागेल. सार्वमत मात्र मिळाले नाही. (गोव्याला १९६७ मध्ये जनमत कौल मिळाला, त्या अर्थाने गोमंतकीय अधिक भाग्यवान म्हणायचे.) ९ जून १९२२ रोजी लागतिंगची पहिली बैठक भरली. तिचे सभापती झाले सुंडब्लूम आणि बेटांच्या सरकारचे प्रमुख झाले ब्यर्कमन. ज्यांना दोन वर्षांपूर्वी देशद्रोही ठरवले होते, त्यांच्याच हाती त्याच देशाच्या कायद्याने निर्माण केलेली संस्था आली, आणि नको असलेली ती संस्था त्यांनी चालवून दाखवली. सुंडब्लूम तर १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत सभापतिपदी होते. या दोघांविषयी मला नेहमी कुतूहल वाटते, कारण हवे ते मिळाले नाही म्हणून सभागृहावर बहिष्कार टाकण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता.

लागतिंगचे रोजचे काम तुमच्या अपेक्षेइतकेच साधे आहे. शिक्षण, आरोग्य, ग्रामपालिका, पोलीस, टपाल, रस्ते आणि बेटाबेटांना जोडणाऱ्या फेरीबोटी, शिकार, स्थानिक उद्योग या विषयांवर ते कायदे करते. परराष्ट्र धोरण, न्यायालये, फौजदारी कायदा आणि बहुतेक कर फिनलंडकडे आहेत. सारे कामकाज स्वीडिशमध्ये चालते. निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरात होते. एवढ्यासाठी नगरपरिषद पुरली असती, हा आक्षेप मी या टप्प्यापर्यंत मान्य करीन.

खरा फरक यापुढे आहे. स्वायत्ततेचा कायदा बदलायचा असेल तर फिनलंडच्या संसदेला तो घटनादुरुस्तीच्या पद्धतीने संमत करावा लागतो, आणि तेवढ्याने भागत नाही: लागतिंगनेही तोच बदल दोन तृतीयांश बहुमताने मंजूर करावा लागतो. बँकेतल्या लॉकरला दोन किल्ल्या असतात, तसे हे आहे. पंचावन्न लाखांच्या देशाकडे एक किल्ली आणि तीस हजारांकडे दुसरी. नगरपरिषदेला राज्य सरकार बरखास्त करू शकते, तिचे अधिकार एका दुरुस्तीने कमी करू शकते, तिची हद्द बदलू शकते. आपल्या राज्यांची स्थितीही या बाबतीत फार वेगळी नाही, हे सांगितले की श्रोत्यांना आश्चर्य वाटते. घटनेच्या अनुच्छेद ३ नुसार राज्याच्या सीमा बदलताना त्या राज्याच्या विधानसभेचे मत मागवले जाते, संमती लागत नाही. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरीही तेलंगणा अस्तित्वात आले. हे योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. आमच्या लक्षद्वीपची लोकसंख्या ओलांडच्या दुपटीहून अधिक असूनही तेथे विधानसभा नाही, केंद्राने नेमलेला प्रशासक आहे. त्यामुळे संमती देणारी किंवा नाकारणारी निवडून आलेली संस्थाच तेथे नाही.

संमतीची ही अट इतरत्रही दिसते. बेटांवरील राज्यपालाची नेमणूक फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष लागतिंगच्या सभापतींशी एकमत झाल्यावरच करतात, आणि एकमत न झाल्यास लागतिंगने सुचवलेल्या पाच नावांतून एक निवडतात. (आपल्याकडील राजभवनांच्या बातम्या वाचणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) लागतिंगचा कायदा राष्ट्राध्यक्ष रोखू शकतात, पण दोनच कारणांसाठी: त्याने आपली मर्यादा ओलांडली असेल, किंवा देशाच्या सुरक्षिततेला बाधा येत असेल. निर्णय चार महिन्यांच्या आत द्यावा लागतो, त्यामुळे विधेयक वर्षानुवर्षे दाबून ठेवता येत नाही.

परकीय करारांचेही तसेच आहे. लागतिंगच्या अधिकारातील विषयाला स्पर्श करणारा करार त्याच्या संमतीशिवाय बेटांवर लागू होत नाही. फिनलंड युरोपीय संघात जाण्यापूर्वी, १९९४ मध्ये, ओलांडमध्ये वेगळे सार्वमत घेतले गेले आणि बेटांसाठी प्रवेशाच्या कराराला स्वतंत्र पुरवणी जोडली गेली. त्यामुळे बेटे संघाच्या अप्रत्यक्ष करांच्या कक्षेबाहेर राहिली, आणि स्वीडन व फिनलंड यांच्यामध्ये चालणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर करमुक्त विक्री चालू राहिली. ही जहाजे मध्यरात्रीसुद्धा ओलांडला थांबतात त्याचे कारण हेच. युरोपीय संघाच्या कारभाराची चौकट बदलणारा लिस्बन करार फिनलंडच्या संसदेने २००८ मध्ये मंजूर केला, पण लागतिंगने आपली संमती नोव्हेंबर २००९ पर्यंत, म्हणजे करार अमलात येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधीपर्यंत, राखून ठेवली. हातची संमती सौद्यासाठी कशी वापरावी हे बेटवासीयांना चांगले कळते.

सगळे गोड आहे असे मात्र मी म्हणणार नाही. वसंत ऋतूत समुद्रपक्ष्यांची शिकार करण्याची बेटांवर जुनी रीत आहे आणि शिकार हा लागतिंगचा विषय आहे. तिच्यावरून युरोपीय न्यायालयात खटला उभा राहिला, तेव्हा आरोपीच्या जागी फिनलंड होता, आणि २००५ मध्ये निकालही फिनलंडच्या विरुद्ध गेला. कायदा करणारी संस्था एक आणि जाब देणारा दुसरा, ही रचना दोघांनाही जाचते. युरोपीय संसदेत ओलांडसाठी राखीव जागा नाही. ज्यांनी संमती दिली त्यांना पुढे त्या संघात स्वतःचा आवाज नाही, ही तक्रार मला रास्त वाटते.

मला अधिक अस्वस्थ करते ती मताधिकाराची अट. लागतिंगसाठी मत देण्यास, उभे राहण्यास आणि बेटांवर मुक्तपणे जमीन घेण्यास ‘रहिवासहक्क’ लागतो. तो जन्माने पालकांकडून मिळतो. बाहेरून आलेल्याने फिनलंडचे नागरिकत्व, पाच वर्षांचे वास्तव्य आणि पुरेसे स्वीडिश ज्ञान सिद्ध केले तर मागता येतो. आणि पाच वर्षे बाहेर राहिल्यास जातो. म्हणजे राजधानी हेलसिंकीहून आलेला फिनलंडचाच नागरिक बेटांवर राहतो, काम करतो, पण त्याच्या मुलांच्या शाळेचा कायदा करणाऱ्यांना पहिली काही वर्षे निवडू शकत नाही. भूमिपुत्रांचा प्रश्न महाराष्ट्रात ऐकत वाढलेल्या कोणालाही यातली ओढाताण समजावून सांगावी लागणार नाही. तरीही या अटीचा मी पूर्ण निषेध करू शकत नाही, कारण ती काढली तर मोठ्या देशातून होणाऱ्या स्थलांतराने काही दशकांत लागतिंगमधील बहुमत बदलू शकते, आणि दुसरी किल्ली ज्यांच्यासाठी घडवली त्यांच्याच हातून जाऊ शकते. संख्येने थोडे असणाऱ्यांचे संरक्षण आणि शेजाऱ्याला बरोबरीची वागणूक यांचा येथे मेळ बसत नाही, असे माझे मत झाले आहे.

आता तुमच्या हिशेबाकडे. कर बहुतांशी फिनलंडच गोळा करतो, आणि देशाच्या महसुलाचा ठरावीक अंश (१९९३ पासून बराच काळ तो ०.४५ टक्के होता) बेटांना एकरकमी देतो, तो कशावर खर्चायचा हे लागतिंग ठरवते, सभागृहाचा खर्चही त्यातलाच. स्वतःचे कर बसवण्याचा अधिकार मिळावा ही तेथील जुनी मागणी आहे, आणि सध्याचा १९९१ चा स्वायत्ततेचा कायदा बदलून अधिक विषय बेटांकडे द्यावेत असेही त्यांचे म्हणणे आहे. त्यासाठी माजी राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ मध्ये अहवाल दिला, पण त्यातून नवा कायदा उभा राहिला नाही. हेलसिंकीला बेटांचे अधिकार एकतर्फी कमी करता येत नाहीत, तसेच लागतिंगलाही ते एकतर्फी वाढवता येत नाहीत.