चार तारा की पाच? नवा बास निवडतानाचा माझा अनुभव

जुना बास, म्हणजे बास गिटार, विकला तेव्हा नवा कुठला घ्यायचा हे माझं ठरलेलं होतं. पाच तारांचा, अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, एखाद्या छोट्या कार्यशाळेत हाताने घडवलेला. कारण सरळ होतं. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी वाद्यवृंदात जे दादा गातात त्यांची पट्टी काळी एक. चार तारांच्या बासवर सगळ्यात खालचा सूर म्हणजे पांढरी तीन. काळी एकचा खर्जातला षड्ज तिथून आणखी तीन घरं खाली, म्हणजे तो मिळतच नाही. पाच तारांच्या बासवर मात्र जाड तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (तारेखालच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तो आयता असतो, साधारण ३५ हर्ट्झवर. किती वर्षं मला तो सूर हवा होता!

असे बास बघायला इथून लांब जावं लागत नाही. बास घडवणारे कारागीर रॉजर सॅडोव्स्कींनी १९७९ साली न्यू यॉर्कमध्ये आपली कार्यशाळा काढली. नामवंत बासवादक मार्कस मिलरच्या १९७७च्या जॅझ बासमध्ये (फेंडर कंपनीचं एक मॉडेल) प्रीअ‍ॅम्प (आवाज वाढवणारं आणि घडवणारं छोटं सर्किट) बसवला तो त्यांनीच. फोडेरा ही अशीच दुसरी कार्यशाळा १९८३पासून ब्रुकलिनमध्ये आहे. मला सापडला तो याच घराण्यातला, पण वेगळ्याच एका कारागिराचा, एका हाताचा वापरलेला. किंमत साडेतीन हजार डॉलर, आणि दोन आठवड्यांत परत करायची मुभा. २४ फ्रेट, वर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ थर, वजन पावणेचार किलो. आत नऊ व्होल्टची बॅटरी, आणि खालचे, मधले, वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या कळा. घरी वाजवला आणि मी हरखून गेलो. प्रत्येक तार वरपासून खालपर्यंत सारखी बोलत होती, आणि जाड तारेवरचा तो षड्ज लावला की सोफ्याची फळी थरथरायची.

त्याच आठवड्यात एका मित्राने त्याचा प्रिसिजन बास दिला, ‘तुलना तरी कर’ म्हणाला. १९६२च्या घडणीबरहुकूम अलीकडे केलेला. अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने हा बास १९५१ साली बाजारात आणला आणि १९५७ साली त्याच्या पिकअपचे (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाचे) दोन तुकडे केले. या तुकड्यांची जोडणी अशी असते की विजेची घरघर आपोआप कापली जाते. दोनच कळा, एक आवाजाची, एक टोनची. बॅटरी नाही. तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून गुळगुळीत. फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची फळी, आपल्या शिसवाचा. त्यावर बोट ठेवलं की आजोळच्या झोपाळ्याची आठवण यायची, त्याची पाटही शिसवाचीच होती. घरी एकट्याने वाजवताना मात्र हा बास फिका वाटला. आवाज येतो आणि लगेच खाली बसतो, झंकार असा नाहीच.

मग दोन्ही घेऊन तालमीला गेलो. शाळेचा हॉल, शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर रेकॉर्डिंग चालू करून ठेवलेला फोन. तीच तीन गाणी आधी नव्या धर्तीच्या बासवर, मग प्रिसिजनवर. पहिल्या फेरीत मी खूश होतो, प्रत्येक सूर मला स्वच्छ ऐकू येत होता. दुसऱ्या फेरीत दुसरं कडवं संपता संपता तबल्यावरचे काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “अरे, आता मला माझा डग्गा ऐकू येतोय.”

घरी येऊन हेडफोनवर दोन्ही ऐकलं. काका म्हणाले ते शब्दशः खरं होतं. पाच तारांच्या बासचा खर्ज लांब रेंगाळतो आणि नेमका डग्ग्याचा घुमारा जिथे असतो तिथेच पसरतो. काका तळहाताने घिस्सा घेतात, तो सूर खालून वर चढतो, आणि पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये त्या चढणीचा निम्मा भाग माझ्या सुराखाली गडप झाला होता. प्रिसिजनचा सूर समेवर ठामपणे उतरत होता आणि जागा सोडत होता. त्या मोकळ्या जागेत डग्गा बोलत होता.

तेव्हा मला बासवादक जेम्स जेमर्सन खऱ्या अर्थाने उमगला. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला त्याचा बास म्हणजे १९६२चा प्रिसिजन, फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा आणि उजव्या हाताचं एकच बोट. ती गाणी मी तीस वर्षं ऐकतोय, पण झंकार मुद्दाम दाबण्यामागे काय आहे हे डेट्रॉइटच्या त्या गाण्यांतून कळलं नव्हतं, ते तबल्याशेजारी बसून कळलं.

प्रीअ‍ॅम्पवर खालचे सूर कमी करून पाहिले, फोमही लावून पाहिला. बराच फरक पडला. पण साडेतीन हजारांचा बास घेऊन त्याला गप्प करत बसायचं हे मनाला पटेना. जॅझ फ्यूजन वाजवणाऱ्याने, किंवा स्टुडिओत रोज वेगळं काम करणाऱ्याने, तोच घ्यावा असं मी आजही सांगेन. वाद्य म्हणून तो अप्रतिमच होता. बाराव्या दिवशी परत केला, तेव्हा पेटी बंद करताना जीव जड झाला.

प्रिसिजन मी मित्राकडून अठराशे डॉलरला घेतला. त्याच्या कटकटी आहेत. वजन सव्वाचार किलो, म्हणून रुंद पट्टा घ्यावा लागला. जुन्या घडणीत ट्रस रॉडचा (नेकचा, म्हणजे बासच्या मानेचा, बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचा) नट नेकच्या बुडाशी असतो. इथे हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते आणि नेकचा बाक बदलतो. तो सुधारायचा तर तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक उतरवा, पाव फेरा द्या, परत बसवा, मग कळणार पुरेसं झालं का. पहिल्या जानेवारीत हे मी तीनदा केलं. नव्या बासवर हेच काम तारा न काढता एका चाकाने होत होतं.

आणि तो खर्जातला षड्ज? जाड तारेच्या खुंटीवर मी एक खटका बसवून घेतला. तो ओढला की तार एका सुराने उतरून पांढरी दोनला येते. एका ताईंचं गाणं त्याच पट्टीतलं आहे, ते आता खर्जातून वाजतं. काळी एकला मात्र मी वरच्या सप्तकातला षड्ज धरतो, ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर. खालची जागा काकांची. परवा तालमीत त्यांनी सम आली तशी डग्ग्यावर थाप दिली आणि तळहात पुढे सरकवला. तो सूर वर चढत माझ्या षड्जापर्यंत आला आणि तिथेच विरला.