आमची वाटचाल : दुचाकीच्या फिक्स्चरपासून विमानाच्या एलेरॉनपर्यंत

1985 साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने आसपास उभे राहिले. त्या कारखान्यांना वेल्डिंग फिक्स्चर आणि ड्रिल जिग (काम चालू असताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणारे साचे) बनवून देणे हा आमच्या शेडचा मूळ धंदा असून, कामगारांचे पगार व विजेचे बिल आजही त्यातूनच निघते. विमानाचे काम आले ते एका ग्राहकाच्या हौसेपायी. 2016 च्या मुंबईतील मेक इन इंडिया सप्ताहात कॅप्टन अमोल यादव यांनी गच्चीवर बांधलेले विमान पाहिल्यापासून या गृहस्थांच्या डोक्यात ते वेड शिरले होते, आणि परदेशातून मागविलेल्या किटमधील (स्वतः जोडायच्या विमानाच्या सुट्या भागांच्या संचातील) एलेरॉन, एलिव्हेटर व रडर (विमानाचा कल व दिशा बदलणारी पंख-शेपटीवरील हलती पाती) जोडण्यासाठी त्यांना जिग हवी होती.

किटच्या भागांना सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) भोके पाडून आलेली असताना जिग कशाला, हा आमच्या फिटरचा प्रश्न रास्त होता. भोके भागांची जागा ठरवितात, पीळ मात्र रोखत नाहीत. एलेरॉनचा पत्रा जेमतेम 0.4 ते 0.5 मिमी जाड असतो. स्पार (लांबीचा मुख्य कणा), रिब (आडव्या फासळ्या) आणि पत्रे नुसते क्लेकोंनी (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या पिनांनी) धरलेले असेपर्यंत तो सांगाडा हाताने पिळता येतो. रिव्हेट मारून पेटी बंद झाली की आत राहिलेला पीळ निघत नाही आणि विमान एका अंगाला कलू पाहते. म्हणून आम्ही बिजागरीच्या भोकांतून ग्राइंड केलेला गज ओवतो आणि दोन्ही टोकांना डिजिटल लेव्हल ठेवून कोन जुळल्याखेरीज रिव्हेट मारू देत नाही. मागच्या कडेला तर एका टोकाकडून सलग रिव्हेट मारणे वर्ज्यच, कारण कड बाक धरते. आधी अंतरा-अंतराने थोडे थोडे दाबून मग मधले भरावे लागतात.

खरी परीक्षा मराठवाड्याच्या उन्हाळ्याने घेतली. एक मीटर ॲल्युमिनियम दर अंशाला सुमारे 0.023 मिमी वाढते, पोलाद त्याच्या निम्मे. दीड मीटरचा पत्रा सकाळी पोलादी जिगवर चढवला आणि दुपारी शेडमधील पारा 20 अंशांनी चढला, तर दोहोंच्या वाढीत 0.3 मिमीहून अधिक फरक पडतो. दोन्ही टोके डॉवेलने (भोकात घट्ट बसणाऱ्या पिनेने) जखडली असतील तर पातळ पत्र्याला फुगवटा येणारच. त्यामुळे आमच्या जिगमध्ये एका टोकाला गोल भोक आणि दुसऱ्या टोकाला लांबट खाच असते. मोजमापाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस धरलेले आहे, आणि ते आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पहाटेही मिळत नाही! तेव्हा जिग आणि पत्रा रात्रभर एकाच छपराखाली ठेवायचे आणि शेवटची तपासणी व रिव्हेटचे काम पहिल्या पाळीतच उरकायचे, असा नियम आम्ही घालून घेतला आहे.

एकेका नगाच्या अशा कामात नफा फारसा सुटत नाही. मात्र लांबट खाचेची ही पद्धत आम्ही आता ॲल्युमिनियमच्या लांब भागांसाठी बनविलेल्या इतर फिक्स्चरमध्येही वापरतो, आणि त्या कामाचे दर ठरविताना ग्राहक घासाघीस कमी करतात.