कल्याझिन: घंटाघराचा बिंदू अखेर बसला

मंडळी, रशियातल्या व्होल्गाकाठच्या बुडालेल्या कल्याझिनचा थर, म्हणजे गावाचा जुना आराखडा, आजच्या उपग्रहचित्रावर एकदाचा जागेवर आला! उग्लिच धरणाचं पाणी चढलं तेव्हा बाजारचौकासकट गावाचा मोठा भाग खाली गेला. त्यामुळे जुन्या आराखड्याला कंट्रोल पॉइंट (आराखडा आणि उपग्रहचित्र दोन्हींवर ओळखू येणारे बिंदू) मिळतात ते फक्त उरलेल्या काठावर. पाण्यात खात्रीचा बिंदू एकच: निकोल्स्की कॅथीड्रलचं घंटाघर, 1800 सालचं, 74.5 मीटर उंच.

आणि नेमका तोच सरकत होता. उपग्रहाने 15 अंश तिरकं पाहिलं, तर मनोऱ्याचं टोक पायथ्यापासून सुमारे 20 मीटर सरकलेलं दिसतं. मेंडेच्या (एकोणिसाव्या शतकातला रशियन मोजणी अधिकारी) 1:84,000 नकाशावर हे पाव मिलिमीटरही नाही, पण इंचाला 100 साझेनच्या (साझेन म्हणजे जुनं रशियन लांबीचं माप) आराखड्यावर (1:8,400) जवळजवळ अडीच मिलिमीटर! टोकावर क्लिक कराल तर सगळा चौक तिरपा होतो. भोवतालच्या बेटाचा मध्य धरू नका. ते 1980च्या दशकातलं भराव घातलेलं बेट आहे, मनोरा त्याच्या मधोमध असेलच असं नाही. सावली जिथून निघते तो पायथा पकडायचा.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) आराखडा बसवताना थिन प्लेट स्प्लाइन या ताणून बसवण्याच्या पद्धतीवर भिस्त ठेवू नका. तो प्रत्येक बिंदूतून जातो, म्हणून चूक शून्याजवळ दिसते आणि खरी चूक लपते. आधी पहिल्या घाताचं पॉलिनॉमियल लावा, ते सगळा आराखडा एकसारखा सरकवतं, फिरवतं, ताणतं. घंटाघर आणि बोगोयाव्हलेन्स्काया चर्च (आताचं संग्रहालय) हे दोन बिंदू बाहेर ठेवून त्यांच्यावर ताळा घ्या.

आता सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची वसंतातली दृश्यं. पुराआधी जलाशय उतरवतात, तेव्हा तळ उघडा पडतो. एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखणारा निर्देशांक) मात्र बर्फालाही पाणी समजतो, म्हणून बँड 11 (लघुतरंग अवरक्त) घेऊन एनडीएसआय (बर्फाचा निर्देशांक) काढायचा; तो पाण्यावरही चढतो, म्हणून त्यातलं बँड 8 (निकट अवरक्त) मध्ये उजळ दिसतं तेवढंच बर्फ धरून आधी वगळायचं. 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये घरांचा पाया दिसत नाही, किनाऱ्याची रेघ तेवढी मिळते. त्यापेक्षा काठावरच्या जुन्या रस्त्यांच्या मध्यरेषा पाण्यात वाढवून त्या जिथे छेदतात ते बिंदू घ्यावेत. हे लिहिता लिहिताच सुचलं. पुढचा हात यावरच.

दुकानं, धक्का आणि वालेन्की, म्हणजे नमद्याचे बूट बनवणाऱ्यांचा थर त्यानंतर. कल्याझिनच्या मठाचा थर मात्र आधी घ्यावासा वाटतोय. 1940 मध्ये पाडलेल्या याच मठात मठाधिपती मकारीचा आशीर्वाद घेऊन पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी अफनासी निकितिन व्होल्गेने खाली गेला आणि पुढे चौलला उतरला. तेव्हा कल्याझिन ते चौल, तिथून जुन्नर, अशी रेघ त्याच प्रकल्पात, वेगळ्या प्रोजेक्शनच्या (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीच्या) पानावर. गावाच्या पानाला पुल्कोवो 1942, गाउस-क्रूगर झोन 7 ही रशियन निर्देशक-पद्धत पुरेल.